भांडं घासणारी बाई

अंगुरीबाईंनी सुनेच्या हातातलं पुस्तक हिसकावलं. भागिरथी ते चुलीपाशी, जाळाच्या उजेडात धरून पाहत होती. तव्यावरची पोळी करपली होती.

"सैपाकघरात पुस्तक? ते बी सायबाचं?"

भागिरथीनं करपलेली पोळी तव्यावरून उतरवली. रिसोडच्या त्या घराचं स्वयंपाकघर भर दुपारीही काळोखं असे. बोळाकडची भिंत आंधळी, बिनखिडकीची होती. घरातल्या बाया जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून अंगुरीबाईंच्या सासऱ्यांनी ती तशीच बांधून घेतली होती.

पुस्तकं आणली होती खेमचंदनं, अंगुरीबाईंच्या लेकानं. अकोल्याचा एक गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावातून. दोन होती, दोन्ही नवख्यांसाठी लिहिलेली. एक तीनशे वर्षांपूर्वीच्या डच चित्रकारांवर, दुसरं त्याच काळातल्या युरोपच्या गाण्यावर. गाण्याचं पुस्तक तो जेवताना आईला सांगे, म्हणजे खरं तर भागिरथीला. त्या लोकांनी म्हणे घोळक्यातून एकच गळा पुढे काढला आणि एका माणसाचं दुःख त्याच्या एकट्याच्या तोंडी दिलं. त्यातला एक सूरही खेमचंदनं ऐकला नव्हता. रिसोडात ऐकणार तरी कुठून? पण सांगताना त्याचा घास हातातच राही. चित्रांचं पुस्तक मात्र त्यानं बायकोलाच देऊन टाकलं होतं. ते पाहायला इंग्रजी लागत नव्हतं.

अंगुरीबाई पुस्तक घेऊन अंगणात आल्या. पेटीत टाकून कुलूप लावायचं होतं. जाता जाता त्यांनी एक पान उघडलं. राण्या असतील, नाहीतर उघड्यानागड्या मडमा.

एक बाई पितळेचं भांडं घासत होती. बस, एवढंच. बाह्या वर सारलेल्या, मनगटं राकट, मागे भिंतीचा उडालेला पोपडा. आणि खिडकीतून येणारा असा उजेड, की ते भांडं मंदिरातलं वाटावं. त्यांनी पान उलटलं. कुणी शिवत होती, कुणी भाजी निवडत होती. कुणीतरी कसलेल्या हाताच्या कलावंतानं या बायांचं रोजचं काम इतक्या मायेनं पाहिलं होतं! अंगुरीबाई नवरी म्हणून आल्या त्या दिवसापासून चुलीशी होत्या. त्यांच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. त्या पायरीवर बसल्या. पेटीचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान शिखरचंद दुकानातून आले, तर जगदेव गवंडी बोळातून स्वयंपाकघराची भिंत फोडत होता.

"थांब! कोनं सांगतलं तुले?"

"मी," अंगुरीबाई आतून म्हणाल्या.

"डोकं फिरलं काय तुयं? रस्त्यावरचे लोक सुनेले पाह्यतीन!"

"पाहू द्या. तिकडं भांडं घासनारी एक बाई हाये. तिले तीनशे वर्सं झाली, लोक अजून पाहूनच राह्यले."

शिखरचंदांना यातलं काही कळलं नाही. ते तावातावानं भगदाडापाशी आले आणि वाकून आत पाहू लागले. आत भागिरथीचे पिठाचे हात उन्हात उजळले होते. शेजारी अंगुरीबाई उभ्या होत्या. आता हे ओरडणार, असं त्यांना वाटलं.

"तुये डोये असे लाल कवापासून हायेत?" शिखरचंदांनी हळूच विचारलं.

"धुरानं. लय वर्सं झाली."

त्यांनी भगदाडाच्या कडेवरून हात फिरवला. मग जगदेवला म्हणाले, "मोठी कर खिडकी. चौकट सागाची लाव."

दिवाळीपर्यंत त्या बोळातल्या एकेका घराची आंधळी भिंत फुटत गेली. बाया उजेडात भाकरी थापू लागल्या. डच म्हणजे कुठल्या मुलखातले, हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं.