भिंगांमधलं अंतर

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत दुपारपाळीला आल्यावर तिला मायक्रोस्कोपच्या डोळे लावायच्या दोन भिंगांमधलं अंतर कधी बदलावं लागत नसे. सकाळपाळीवालीचे डोळे अगदी तिच्याच मापाचे असणार. पाच वर्षांत गाठ मात्र पडली नव्हती. एकदा लवकर येऊन भेटायचं, असं ती रोज ठरवायची.

आज डोळे लावले, तर एकाच्या जागी दोन वर्तुळं दिसली; भिंगं कुणीतरी सरकवली होती.

फरशी पुसणाऱ्या मावशींना तिने विचारलं, "सकाळच्या बाई आल्या नव्हत्या?"

"त्या कालच नोकरी सोडून गेल्या. आता नवीन आल्यात. जुन्या बाई काल अर्धा तास थांबल्या होत्या तुमच्यासाठी, नेमका तुम्हालाच उशीर!"

"माझ्यासाठी?"

"हो ना. म्हणाल्या, दुपारच्या बाईंनंतर बसलं की भिंगं सरकवावी लागत नाहीत, त्यांना एकदा डोळे भरून बघायचंय."