जाणाऱ्याचा भाव

आमच्या क्यूबात कुणी घरातली वस्तू विकायला काढली, की तो माणूस देश सोडून चाललाय हे शेंबडं पोरही सांगेल. आणि जाणारा फार घासाघीस करत नाही. म्हणूनच एनेइदाबाईंचा जुना मॉनिटर बघायला लिओर्दानिस खुशीत आला होता.

लाइट गेली होती. चालू करून बघितल्याशिवाय तो पैसे देणार नव्हता, म्हणून दोघं कॉफी पीत वाट बघत बसले.

"पंधरा हजार पेसो फार होतात, मावशी. तिकडे काय हा काखेत मारून नेणार आहात?"

"अरे, नव्यासारखा आहे. सिनेमा नाही, खेळ नाही. फक्त पोराशी बोलायला घेतला होता."

"आणि आता पोराकडेच निघालात! दहाला द्या आणि मोकळ्या व्हा."

एनेइदाबाई नुसत्या हसल्या.

तेवढ्यात गल्लीभर ओरडा झाला, "लाइट आली!" लिओर्दानिसने मॉनिटर सुरू केला, पडदा कोरा पांढरा केला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हा तर गेला कामातून! वर्षानुवर्षं एकच चित्र लावून ठेवलं की पडद्यावर असा डाग बसतो. आता काही केल्या जायचा नाही. सात हजारांच्या वर एक पेसो..."

बोलता बोलता तो डाग नीट बघायला वाकला. फिकट अक्षरं सहज वाचता येत होती. चार वर्षांपूर्वीची तारीख, आणि तिच्याखाली एकच ओळ.

 

'आई, होडीत बसतोय. पोचलो की लगेच लिहितो.'