सुटलेला प्रश्न

बंद पडलेल्या शाळेत गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी सामायिक स्वयंपाकघर सुरू करायचं, म्हणून प्रमिला घाग तालुक्याला परवानगी मागायला गेली. अधिकारी साळवींनी भविष्ययंत्राचा अहवाल वाचून दाखवला.

“ताई, आठ वर्षांनी तुमच्या गावात एकही म्हातारं माणूस उपाशी नसेल. प्रश्न सुटलेल्या गावाला इमारत देता येत नाही.”

“पण सोडवला कोणी?”

“तुम्हीच. याच स्वयंपाकघरातून.”

“आणि तेच तुम्ही करू देत नाही?”

साळवींनी अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. “मलाही कळत नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रमिलाने शाळेचं कुलूप फोडून चूल पेटवली. नऊजण जेवायला आले. हे आपण स्वतःहून करतोय की यंत्राने आधीच ठरवलंय, हे तिला वाढतानाही उमगेना. तेवढ्यात भागीरथीआजींनी आणखी भात मागितला.