उमराव सभा बरखास्त करण्याबाबत

१. उपस्थिती

"ठराव या खोलीबाहेर गेलेलाच नाही. मग लंडनला कळला कसा?" बर्नार्ड ऑर्मरॉडने तिसऱ्यांदा विचारलं.

"पक्षाला कान असतात, प्रोफेसर," डंकन म्हणाला आणि खुर्चीवर रुमाल पसरून बसला.

त्या रुमालाची थेल्माला शिसारी आली.

"बस रे बाळा, खुर्ची चावत नाही," ती म्हणाली. "तिच्यावर विणकर बसायचे. रुमालाशिवाय."

डंकन हसला. पक्षाच्या मुख्य कचेरीतली माणसं हसतात तसा, फक्त खालच्या ओठाने.

थेल्माने चहा ओतला. बर्नार्डला दूध आणि तीन चमचे साखर. डंकनपुढे बिनदुधाचा कप सरकवला. मग इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं: हजर, तीन.

खाली पूर्वी विणकरांचं सहकारी दुकान होतं. आता तिथे ई-सिगारेटी विकतात. फळ्यांच्या फटींतून स्ट्रॉबेरीचा गोडसर वास दिवसभर वर येतो आणि पुस्तकांत मुरतो. चहालासुद्धा तोच वास.

२. गैरहजेरीबद्दल दिलगिरी

आल्फ पिकप, वृद्धाश्रमात. विनिफ्रेड, स्मशानात. बाकीचे कुठे असतील ते असोत.

नेल्सन या विणकरांच्या गावातल्या समाजवादी अभ्यास मंडळाची एके काळी दोनशे माणसं या खोलीत मावत नव्हती, जिन्यावर उभी राहायची. होऊ घातलेले मंत्री आगगाडीने यायचे, मागच्या बाकावर बसायचे आणि टिपणं काढायचे. पक्षाने काय बोलावं ते इथे ठरायचं. आता पक्षाचा माणूस आला होता तो इथल्या लोकांनी काय बोलू नये ते सांगायला.

३. ठराव

मंडळाकडे एवढंच उरलं होतं: पक्षाच्या अधिवेशनात वर्षाला एक ठराव मांडायचा हक्क. सचिवाच्या सहीने, मुदतीच्या आत. आजची मुदत संध्याकाळी पाचची. सचिव थेल्मा एन्टविसल, एकेचाळीस वर्षं.

ठराव एका ओळीचा होता. उमराव सभा बरखास्त करा. म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, हाउस ऑफ लॉर्ड्स, जिथे माणसं निवडून न येता नेमणुकीने बसतात.

असा ठराव कुणी आणलाच तर पाठिंबा देऊ, असं दोन मोठ्या युनियननी जाहीर केलं होतं. तिकडे पक्षाचा नेता आपल्या गोतावळ्यातल्या बत्तीस जणांना त्याच सभेत बसवायला निघाला होता.

"वेळ चुकीची आहे," डंकन म्हणाला. "तत्त्व म्हणून आम्हीही तुमच्याच बाजूचे."

"तत्त्व!" बर्नार्ड म्हणाला. "हा शब्द तोंडात घेण्याआधी चूळ भरत जा."

थेल्माला हसू आलं. ती लिहायची थांबली.

"नेत्यांचा एक निरोप आहे," डंकनने आवाज खाली आणला. "यादीत एक जागा रिकामी आहे. या मंडळातल्या माणसाला द्यायची त्यांची इच्छा आहे. विचारवंतांची कदर म्हणून. लॉर्ड ऑर्मरॉड. ऐकायला बरं वाटतं की नाही?"

खाली कुणीतरी वाफ सोडून खोकलं.

बर्नार्ड उठला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, टेबलाला धरून उठला.

"मेलेल्या जनावराच्या कातडीचा तो उमरावी झगा पांघरून, हजेरीचा भत्ता घेऊन डुलक्या काढायला मी जाऊ? 'ज्याला कुणी निवडलं नाही, त्याला कुणी घालवूही शकत नाही.' एक्याऐंशी साली लिहिलंय मी हे, आमच्या पुस्तिकेत. तुझ्या नेत्याने तीच वाचून परीक्षा दिली असेल. जा, सांग त्याला. ऑर्मरॉड विकाऊ नाही."

एक्याऐंशी साली बर्नार्ड कावीळ होऊन तीन महिने अंथरुणात होता. पुस्तिका मात्र वेळेवर निघाली होती. मुखपृष्ठावर त्याचं नाव होतं.

"नकार लिहून घे, थेल्मा," बर्नार्ड म्हणाला. "शब्द न् शब्द."

तिने लिहून घेतला. शब्द न् शब्द.

"मिस एन्टविसल," डंकन तिच्याकडे वळला, "सही तुमची लागते. तुम्ही तरी समजवा."

"मी?" थेल्माने पेन खाली ठेवलं. "तुमच्यासारखे इथे येतात, नाक मुरडतात, चहा उष्टा करतात आणि घर झाडल्यासारखं आम्हाला झाडून जातात. ठराव जाणार. मी स्वतः पाठवणार. लिहून घ्यायला वही देऊ?"

बर्नार्डने टेबलावर थाप मारली. "शाबास! ऐकलंस? हे आमचं नेल्सन!"

डंकनने रुमालाची घडी केली. साडेचार वाजले होते.

"कॉम्रेड," बर्नार्ड खुर्चीत टेकत म्हणाला, "चहा गार झाला गं माझा. आणि याला खालपर्यंत सोडून ये. जिन्यात अंधार आहे, पडला तर आपल्याच नावाने बोंब."

थेल्माने त्याचा कप उचलला, त्याच्या बशीतला भिजलेल्या बिस्किटांचा चुरा पुसला, हात धुतले आणि कोट चढवला.

४. आयत्या वेळचे विषय

जिन्याखालच्या दाराशी स्ट्रॉबेरीचा वास इतका दाट होता की थेल्माने तोंडावर हात धरला.

"फोनवर तुम्ही म्हणालात अगदी तसंच झालं," डंकन म्हणाला. "तो नाही म्हणणार. नाही म्हटल्याची नोंदही होणार."

"आधी त्याला विचारायलाच हवं होतं. नाहीतर मरेपर्यंत ऐकवलं असतं."

"आणि ठराव?"

"जाईल की. शब्द दिलाय मी." तिने कोटाचं वरचं बटण लावलं. "पाच वाजून दहा मिनिटांनी."

डंकनने खिशातून यादी काढली आणि रिकाम्या ओळीवर पेन टेकवलं. "लॉर्डच्या जागी बॅरोनेस. बॅरोनेस एन्टविसल ऑफ नेल्सन. असंच लिहू ना?"

"नेल्सन नको," थेल्मा म्हणाली.