बारशातला धपाटा

"नाक आजोबांचं घेतलंय हिने," पाळण्यातल्या नातीकडे बघत आई म्हणाली आणि लगेच माझ्याकडे वळली. "तुला कसली भीती वाटते गं? आम्ही नाही का वाढवलं दोघांना?"

मूल नको हे आम्ही नवराबायकोने ठरवलंय, हे तिला नऊ वर्षांत शंभरदा सांगून झालंय. का, ते कधीच सांगितलं नाही.

"वन्सं, नाव ठेवा आधी," वहिनीने विषय तोडला.

मी पाळण्यावर वाकले. भाची पाय झाडत होती, म्हणून तिची मांडी अलगद धरली. कानात कुर्रर्र केलं, "इरावती" म्हटलं आणि रिवाजाप्रमाणे बायकांनी हसत आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळे लटके. शेवटचा आईचा. तोही लटकाच असणार, पण माझ्या पाठीने तो हात ओळखला. दूध सांडलं की पडायचा, पाढा चुकला की पडायचा, कधी काहीच झालेलं नसायचं तरी पडायचा. पस्तिशीची मी एका क्षणात आठ वर्षांची झाले. डोळे मिटले, दात आवळले आणि हातात होतं ते गच्च धरलं.

इरावती किंचाळली.

मी हात काढला, तेव्हा तिच्या मांडीवर माझी चार बोटं लालबुंद उमटली होती. वहिनीने तिला झटकन उचलून घेतलं. आई तेवढी हसली.

"बघा, हात मात्र अगदी माझा घेतलाय माझ्या लेकीने!"