पुलापुढचं वळण

"या नव्या मशीननं माझा रस्ता बदललाय," शेजारी बसलेले अण्णा कुरकुरले. माझे सासरे, तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. टीव्हीवर त्यांचा ट्रक चौथ्यांदा दरीत गेला होता.

व्हिडिओ गेमचा जुना कन्सोल बंद पडला, तेव्हा त्यांची जुनी डिस्क नव्यावर चालेल ना, हे मी दुकानदाराला तीनतीनदा विचारून घेतलं होतं. अण्णांना दुसरा गेम नकोच होता. यातला घाट त्यांना तोंडपाठ. रिव्हर्स घेताना मात्र मागे वळून सोफ्याकडे बघायचे.

"कंपनी रस्ते बदलते हो, आजोबा," माझी लेक घाईघाईनं म्हणाली. मीही मान डोलावली. चहा टाकते म्हणून उठले आणि न टाकताच परत येऊन बसले.

अण्णांनी पुन्हा सुरुवात केली. बोगदा आला, पूल आला. पुलापुढे ट्रक थांबला. त्यांचा अंगठा डावीकडे, उजवीकडे नुसताच फिरत राहिला.

"सूनबाई, डिस्क जुनीच घातलीस ना?"

"हो, अण्णा."

त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

"मग रस्ता कोण बदलणार? तोच आहे. मीच विसरायला लागलोय गं."