स्थैर्याचं पीठ

नफीसाचा मुलगा तारिक बंदरावर क्रेनखाली चिरडून मेला. दुसऱ्या दिवशी तिच्याखेरीज घरात कोणीच रडत नव्हतं. सून हनान आलेल्यांना हसतमुखाने कॉफी देत होती. गहू सोसत नसल्यामुळे त्या गल्लीत खुबूस, म्हणजे तिथली रोजची रोटी, न खाणारी नफीसा एकटीच होती.

दुपारी मंत्रालयाचे एक अधिकारी आणि कंपनीचा मॅनेजर एकाच गाडीतून सांत्वनाला आले. बंदर सरकारचं, क्रेन कंपनीची आणि खुबुसाचा कारखाना दोघांचा. त्यांनी गरम खुबुसांची टोपली पुढे ठेवली.

"हे पीठ आल्यापासून एक संप नाही, एक मोर्चा नाही," मॅनेजर कौतुकाने म्हणाला. "माणसाला त्रागा करूच देत नाही. देश सावरला यानं."

"माझा मुलगा मेलाय!" नफीसा ओरडली.

"अम्मा, होतं असं कधी कधी," हनान म्हणाली.

नफीसाला शिसारी आली. तिने एक खुबूस उचलून दारासमोरच्या गटारात भिरकावला. तारिकसाठी न हललेले चेहरे खुबुसासाठी मात्र कळवळले. हनान धावली. तिने तो उचलला आणि तिथल्या रीतीप्रमाणे त्याचं चुंबन घेऊन कपाळाला लावला.

गलक्याने तारिकची झोपलेली मुलगी जागी झाली आणि "बाबा, बाबा" करत हंबरडा फोडू लागली.

"सकाळचं खाणं चुकलं वाटतं हिचं," अधिकारी म्हणाले.

हनानने ओढणीने खुबुसाचा चिखल पुसला आणि तुकडा मोडून मुलीला भरवला. दोन घास पोटात जाताच पोरीने डोळे पुसले आणि ती दोन्ही साहेबांकडे बघून गोड हसली.